पान उघडायला किती खेपा लागतात: मंद नेटवर संकेतस्थळ तपासण्याची सविस्तर पद्धत

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या नौपाडा भागातील एका पोळीभाजी केंद्राचे छोटे संकेतस्थळ मी करून दिले. केंद्राचे बरेचसे गिऱ्हाईक नोकरीसाठी रोज ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला जाणारे आहे आणि दुसऱ्या दिवशीचा डबा आदल्या संध्याकाळी सांगायचा अशी तिथली पद्धत असल्यामुळे बहुतेक ऑर्डरी परतीच्या लोकलमधून येतात. माझ्या घरच्या फायबरवर पान दीड सेकंदात उघडत होते, म्हणून मी काम पूर्ण झाले असे समजलो. आठवड्याभरात केंद्राच्या काकूंचा फोन आला. "दादा, लोक मला फोन करूनच डबा सांगतायत. म्हणतात, पान पांढरंच राहतं, वरची रेघ सरकत राहते, आणि तोवर ठाणं येतं."

ज्या परिस्थितीत ते पान वापरले जाणार होते, त्या परिस्थितीत मी ते एकदाही उघडून पाहिलेले नव्हते. त्यानंतर मी चाचणीची जी पद्धत बसवली, ती येथे क्रमाने मांडत आहे. क्रोम ब्राउझर, एक साधा अँड्रॉइड फोन आणि नोंदींसाठी एक वही किंवा शीट एवढ्यावर तिचा मोठा भाग पार पडतो. लिनक्सचा लॅपटॉप असला तर आणखी खोलात जाता येते.

आधी हे समजून घ्यावे: नेट मंद म्हणजे नेमके काय मंद

बहुतेक जण वेग म्हणजे एमबीपीएस एवढेच धरतात, आणि तिथेच चाचणी चुकते. सरकारी कचेरीतल्या कामाचे उदाहरण घेऊ. पहिल्या खेपेला फॉर्म मिळतो, दुसऱ्या खेपेला झेरॉक्स जोडायची असते हे कळते, तिसऱ्या खेपेला शिक्का मिळतो. आपल्या पिशवीत एका वेळी किती कागद मावतात ही एक गोष्ट, आणि एका खेपेला किती वेळ जातो ही दुसरी. एमबीपीएस म्हणजे पिशवीचे माप आणि विलंब म्हणजे खेपेचा वेळ. छोट्या पानाच्या बाबतीत पिशवी बहुधा पुरेशी असते; वेळ जातो तो खेपांमध्ये.

नव्या संकेतस्थळाशी पहिल्यांदा जोडणी होताना डीएनएसकडून पत्ता विचारण्याची एक खेप होते, टीसीपीची, म्हणजे माल पोचवण्याच्या पद्धतीची, जोडणी करण्याची दुसरी, टीएलएस १.३ ची सुरक्षित बोलणी करण्याची तिसरी, आणि प्रत्यक्ष पान मागवण्याची चौथी. टीएलएसची जुनी १.२ आवृत्ती असेल तर आणखी एक. एक खेप २० मिलिसेकंदांची असेल तर चार खेपांना ८० मिलिसेकंद लागतात आणि ते कोणाला जाणवतही नाहीत. तीच खेप ३०० मिलिसेकंदांची असेल तर पानाचे पहिले अक्षर येण्याआधीच सव्वा सेकंद जवळजवळ संपलेला असतो, मग एमबीपीएस कितीही असोत.

पिशवीही पहिल्या खेपेला पूर्ण भरून मिळत नाही. टीसीपी मालाचे छोटे गठ्ठे, म्हणजे पॅकेटे, करून पाठवते; सुरुवातीला साधारण दहा पॅकेटे, म्हणजे १४ केबीच्या आसपास माल, पोच मिळाली की पुढच्या खेपेला दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. म्हणून १०० केबीची फाइल उतरायला निदान तीन-चार खेपा लागतात. त्यात वाटेत एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा मागवावे लागते आणि पिशवी लहान केली जाते. धावत्या गाडीत हे वारंवार होते. तेव्हा चाचणीत तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या आहेत: रुंदी म्हणजे पिशवीचे माप, विलंब म्हणजे खेपेचा वेळ, आणि गळती म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेटे.

पहिली पायरी: एक काम निवडावे आणि त्याचेच घड्याळ लावावे

"पान किती वेळात लोड होते" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण पान एका क्षणी लोड होत नसते. आधी काहीतरी दिसते, मग वाचता येते, मग बटण दाबता येते. म्हणून गिऱ्हाइकाचे एक काम निवडावे. काकूंच्या पानासाठी मी दोन क्षण ठरवले: उद्याच्या भाजीचे नाव वाचता येणे, आणि ऑर्डरच्या बटणावर बोट ठेवल्यावर काहीतरी घडणे. दवाखान्याच्या पानावर वेळ आणि फोन नंबर, क्लासच्या पानावर प्रवेशअर्ज, असे ज्याचे त्याने ठरवावे.

त्यासोबत गूगलने प्रचारात आणलेली मापे नोंदवावीत, कारण ती सर्वत्र सारख्या अर्थाने वापरली जातात. सर्व्हरकडून पहिला बाइट येण्याचा वेळ ०.८ सेकंदाच्या आत असावा. एलसीपी, म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक दिसण्याचा वेळ, २.५ सेकंदांच्या आत असावा. २०२४ च्या मार्चपासून मुख्य मापांत आलेला आयएनपी, म्हणजे बोट लावल्यापासून पडद्यावर प्रतिसाद दिसेपर्यंतचा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि सीएलएस, म्हणजे मजकूर जागेवरून हलण्याचे माप, ०.१ च्या आत असावे. हे शेवटचे तीन आकडे चारपैकी तीन भेटींत पाळले गेले तर पान चांगले समजले जाते. मला मात्र भाजीच्या नावाचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण एलसीपी कधी कधी वरच्या सजावटीच्या फोटोवरच मोजला जातो आणि तो फोटो कोणाला नको असतो.

दुसरी पायरी: आपल्या गिऱ्हाइकाचे नेट प्रत्यक्ष मोजावे

ठाण्या-नवी मुंबईत आज मंद नेट म्हणजे बहुतेक वेळा गर्दीने भरलेले ४जी असते. फोनवर रेंजचे दांडे पूर्ण असतात आणि तरी गोल फिरत राहतो. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींच्या आतल्या खोल्या, तळघरातले पार्किंग, लिफ्ट, सायंकाळची ट्रान्स-हार्बर लोकल, या ठिकाणची परिस्थिती एकमेकांसारखी नसते, म्हणून आकडे तिथे जाऊन घ्यावेत.

त्यासाठी मी सर्व्हरवर १ केबीची एक मजकुराची फाइल ठेवली आहे. ती फोनवर एकदा उघडायची, म्हणजे जोडणी होते, आणि लगेच पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह व एक वेगळा अंक जोडून पुन्हा उघडायची. पत्ता बदलल्यामुळे साठवलेली प्रत वापरली जात नाही आणि जोडणी आधीच झालेली असल्यामुळे लागलेला वेळ म्हणजे जवळजवळ एका खेपेचा वेळ असतो. हा वेळ डोळ्यांनी मोजता येत नाही. फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडून क्रोममध्ये तो कसा वाचायचा, ते पुढे सांगितले आहे. स्पीड टेस्टच्या ॲपवर यासाठी विसंबू नये, कारण त्यांचे सर्व्हर बहुधा फोन कंपनीच्या अगदी जवळ असतात आणि तुमचा सर्व्हर तिथे नसतो. रुंदीचा अंदाज घेण्यापुरता त्यांचा उपयोग आहे.

येथेच मला एक गोष्ट कळली, ती सांगितली पाहिजे. काकूंचे पान ज्या सर्व्हरवर होते, तो अमेरिकेत होता. होस्टिंग घेताना मी किंमत पाहिली, ठिकाण पाहिले नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो; मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत १२,५०० किलोमीटरच्या आसपास आहे; म्हणजे तार अगदी सरळ असती तरी जाऊन येण्याला १२५ मिलिसेकंद लागलेच असते, आणि समुद्राखालच्या तारा सरळ नसतात. ऐरोली-रबाळे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, ॲमेझॉनचे मुंबई क्षेत्र २०१६ पासून चालू आहे, आणि नौपाड्यातला डबा रबाळ्याच्या माणसाला दाखवण्यासाठी प्रत्येक खेप अटलांटिकपलीकडे जात होती. सर्व्हर कुठे आहे हे चाचणी सुरू करण्याआधी शोधावे.

चार-पाच दिवस, वेगवेगळ्या वेळी आकडे घेतल्यावर त्यांची सरासरी काढू नये. सरासरीत चांगल्या क्षणांमुळे वाईट क्षण झाकले जातात. सगळे आकडे उतरत्या क्रमाने लावून वाईट बाजूच्या एक चतुर्थांशावर जो आकडा येईल तो घ्यावा. त्यावरून मी तीन मांडण्या ठरवल्या. "संध्याकाळची गाडी" म्हणजे १.५ एमबीपीएस रुंदी, ३०० मिलिसेकंद विलंब आणि २ टक्के गळती. "आतली खोली" म्हणजे ४०० केबीपीएस आणि ५०० मिलिसेकंद. तिसरी "पॅक संपलेला": आपल्याकडच्या अनेक प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि रात्री साडेआठला पॅक संपलेले लोक पुष्कळ असतात. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी, कारण एका बाइटमध्ये ८ बिट. काकूंचे मूळ पान २.४ एमबीचे होते. हा भागाकार केला तर ३०० सेकंद येतात, म्हणजे पाच मिनिटे.

तिसरी पायरी: क्रोममध्ये पहिली चाचणी

क्रोमची खासगी खिडकी उघडावी, म्हणजे एक्स्टेन्शनचा अडथळा येत नाही. एफ-१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडावीत, वरची फोनच्या चित्राची कळ दाबून पडदा मोबाइलचा करावा आणि नेटवर्क हा भाग निवडावा. तिथे 'डिसेबल कॅश', म्हणजे साठवलेली प्रत न वापरणे, यावर खूण करावी. हे टूल्स उघडी असेपर्यंतच लागू राहते, हे ध्यानात ठेवावे. शेजारी 'नो थ्रॉटलिंग' असे लिहिलेली यादी असते. तीत 'फास्ट ४जी', 'स्लो ४जी', '३जी' आणि 'ऑफलाइन' असे तयार पर्याय मिळतात. जुन्या लेखांत 'फास्ट ३जी' असा उल्लेख सापडतो, तोच पर्याय २०२४ पासून 'स्लो ४जी' या नावाने आहे. याच यादीच्या तळाशी स्वतःची मांडणी जोडण्याची सोय आहे. तिथे आपल्या तिन्ही मांडण्या नावासकट भरून ठेवाव्यात.

आता मांडणी निवडून पान नव्याने उघडावे, आणि एकाच मांडणीवर निदान पाच वेळा उघडावे. पाच आकड्यांतला मधला आकडा वहीत घ्यावा आणि सर्वांत मोठा आकडा त्याच्या शेजारी लिहून ठेवावा. एका वेळच्या आकड्यावर काहीही ठरवू नये. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉट घेण्याचा पर्याय चालू केला तर कोणत्या क्षणी पडद्यावर काय होते याच्या चित्रांची पट्टी मिळते. भाजीचे नाव पहिल्यांदा ज्या चित्रात दिसते त्यावरची वेळ हाच आपला आकडा. त्यानंतर 'डिसेबल कॅश' ची खूण काढून आणखी पाच वेळा उघडावे. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला जो अनुभव येतो, तो हा दुसरा.

परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर चारपट किंवा सहापट मंद करण्याची सोय आहे, तीही लावावी, कारण आपला लॅपटॉप दहा हजारांच्या फोनपेक्षा फार वेगवान असतो.

या चाचणीची एक मर्यादा आहे. क्रोम विलंब घालतो तो प्रत्येक रिक्वेस्टवर, त्याखालच्या पॅकेटांवर नाही. म्हणजे जोडणी करण्याच्या खेपा, पिशवी हळूहळू मोठी होणे, पॅकेट गळणे, यांतले काहीच खऱ्यासारखे होत नाही. गळतीचा रकाना मांडणीत दिसतो, पण तो व्हिडिओ कॉलसारख्या वेबआरटीसीच्या वाहतुकीपुरता आहे. क्रोममधलेच लाइटहाऊस हे पान तपासण्याचे साधन तर नेहमीच्या पद्धतीत पान पूर्ण वेगाने उघडते आणि मंद नेटवर काय झाले असते याचा हिशेब करून आकडा देते. दोन्ही साधने रोजच्या तुलनेसाठी उत्तम आहेत, पण तेवढ्यावर थांबू नये.

चौथी पायरी: धबधबा वाचणे

नेटवर्कच्या यादीत उजवीकडे ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांना धबधबा म्हणतात, आणि खरे निदान तिथे होते. प्रत्येक पट्टी एका फाइलची असते. पट्टीवर क्लिक करून टायमिंग हा भाग उघडला की त्या फाइलचा वेळ कशात गेला हे तुकड्यांत दिसते. वाट पाहण्याचा तुकडा लांब असेल तर विलंब किंवा सर्व्हर दोषी. उतरण्याचा तुकडा लांब असेल तर फाइल जड. आणि पट्टीच उशिरा सुरू होत असेल तर ती फाइल मागवायची आहे हे ब्राउझरला कळायलाच उशीर झाला. या तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांचे दुर्लक्ष होते, आणि काकूंच्या पानात मुख्य आजार तोच होता.

मी तिथे एक सुंदर देवनागरी फॉन्ट बाहेरच्या सेवेवरून जोडला होता. धबधब्यात जिना दिसत होता. मुख्य पान चार खेपांत येई. ते वाचल्यावर ब्राउझरला कळे की फॉन्टची सीएसएस, म्हणजे पान कसे दिसावे हे सांगणारी फाइल, दुसऱ्या डोमेनवर आहे; तिथे पुन्हा पत्ता, जोडणी, सुरक्षा, मागणी अशा चार खेपा. ती सीएसएस वाचल्यावर कळे की फॉन्टची फाइल तिसऱ्याच डोमेनवर आहे; पुन्हा चार. म्हणजे फॉन्टचा पहिला बाइट येईपर्यंत बारा खेपा, आणि ३०० मिलिसेकंदांच्या हिशेबाने ३.६ सेकंद, तेही एकही पॅकेट गळले नाही असे धरून. बाहेरची सीएसएस येईपर्यंत ब्राउझर पान रंगवत नाही आणि त्यानंतरही फॉन्टची वाट पाहत सुमारे तीन सेकंद अक्षरे अदृश्य ठेवू शकतो. लोकांना दिसणारे पांढरे पान ते हेच होते. मजकूर फोनमध्ये केव्हाच येऊन पडलेला होता, फक्त दाखवला जात नव्हता.

मराठी संकेतस्थळांसाठी फॉन्टची चाचणी वेगळी आणि नीट करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जोडाक्षरांच्या शेकडो आकारांमुळे देवनागरी फॉन्ट रोमन फॉन्टपेक्षा जड असतो आणि दोन जाडींचे फॉन्ट घेतले की वजन दुप्पट होते. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीपासूनच असतो, तो वापरला तर एक बाइटही उतरवावा लागत नाही. स्वतःचा फॉन्ट हवाच असेल तर फाइल आपल्याच सर्व्हरवर वॉफ-२ स्वरूपात ठेवावी आणि फॉन्ट येईपर्यंत फोनचा फॉन्ट दिसेल अशी 'स्वॅप' ची सूचना द्यावी. मग मंद मांडणीवर पान उघडून फॉन्ट बदलण्याचा क्षण डोळ्यांनी पाहावा. वेलांट्या, मात्रा आणि उकार यांसाठी प्रत्येक फॉन्ट वर-खाली वेगवेगळी जागा धरतो, त्यामुळे ओळींची उंची निश्चित करून दिली नसेल तर सगळी यादी खाली सरकते आणि बोट बटाट्याच्या भाजीऐवजी वांग्यावर पडते. फाइल लहान करण्यासाठी नको असलेली अक्षरे काढली असतील, तर 'कैऱ्या', 'तऱ्हा', 'ज्ञ', 'क्ष', 'ॲ' ही अक्षरे पानावर लिहून तपासावीत. 'ऱ्य' तुटलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे.

पाचवी पायरी: पॅकेटांच्या पातळीवर खरी मंदी

येथे लिनक्सचा लॅपटॉप लागतो. त्यात टीसी ही आज्ञा असते आणि तिच्यातला नेटेम हा भाग विलंब, गळती आणि रुंदी या तिन्ही गोष्टी पॅकेटांवर लावतो. अडचण अशी की नेटेम साध्या वापरात यंत्रातून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर लागू होतो, आणि पान तर आत येत असते. त्यावर सोपा मार्ग असा की लॅपटॉप तारेने घरच्या राउटरला जोडावा, त्याच्या वायफायचा हॉटस्पॉट करावा, चाचणीचा फोन त्या हॉटस्पॉटवर घ्यावा आणि नियम वायफायच्या बाजूला लावावा. फोनमध्ये जाणारे पान लॅपटॉपच्या दृष्टीने बाहेर जाणारी वाहतूक ठरते, म्हणून नियम बरोबर लागतो.

"संध्याकाळच्या गाडी"साठी मी ३०० मिलिसेकंद विलंब, ३० मिलिसेकंद चढउतार, २ टक्के गळती आणि १.५ एमबीपीएस रुंदी लावतो. चढउतार विलंबाच्या दहाव्या हिश्शाहून फार मोठा देऊ नये. तसे केल्यास पॅकेटांचा क्रम उलटसुलट होतो, टीसीपीला ती गळती वाटते आणि आकडे विनाकारण बिघडतात. नियम लावल्यावर आधी ती १ केबीची फाइल फोनवर उघडून विलंब खरोखर वाढला आहे याची खात्री करावी, कारण नियम चुकीच्या बाजूला लागला तर चाचणी छान वेगाने पार पडते आणि आपण फसतो. काम झाल्यावर नियम काढायला विसरू नये. मॅक वापरणाऱ्यांना ॲपलच्या डेव्हलपर साधनांमध्ये 'नेटवर्क लिंक कंडिशनर' मिळतो आणि त्यात हेच काम खिडकीतून करता येते.

या चाचणीत गळती आधी शून्य ठेवून पाच वेळा आणि मग २ टक्के करून पाच वेळा, असे पान उघडावे. दोन्हींतला फरक मोठा असेल तर सर्व्हर एचटीटीपी-३, म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्या बोलण्याच्या पद्धतीची नवी आवृत्ती, बोलतो का ते पाहावे. एचटीटीपी-२ मध्ये सगळ्या फाइली एकाच टीसीपी जोडणीतून येतात आणि एक पॅकेट हरवले तर ते परत येईपर्यंत सर्व फाइली खोळंबतात. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी-३ मध्ये ज्या फाइलचे पॅकेट हरवले तीच थांबते.

सहावी पायरी: बाहेरचा पाहुणा आलाच नाही तर

नकाशा, चॅटची खिडकी, भेटी मोजणारी स्क्रिप्ट, हे सगळे दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून येतात. क्रोमच्या नेटवर्क यादीत एखाद्या ओळीवर उजवे क्लिक करून ते डोमेन अडवता येते. एकेक डोमेन अडवून पान उघडावे. मात्र अडवलेली रिक्वेस्ट लगेच अपयशी होते, तर खऱ्या मंद नेटवर ती अपयशी न होता अर्धवट लटकत राहते आणि हे जास्त त्रासाचे असते. वेबपेजटेस्ट या सेवेत असे लटकणे घडवून पाहण्याचा पर्याय आहे. हीच सेवा पॅकेटांच्या पातळीवर मंदी लावते, चित्रपट्टी आणि धबधबा शेजारीशेजारी दाखवते, आणि पहिली भेट व दुसरी भेट वेगळी मोजते. लिनक्स जवळ नसेल तर पाचव्या पायरीचे काम बऱ्याच अंशी तिच्यावर भागते.

सातवी पायरी: फोन घेऊन गाडीत बसणे

फोनच्या 'अबाउट फोन' मधील 'बिल्ड नंबर' वर सात वेळा बोट लावले की डेव्हलपर पर्याय खुले होतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करून फोन तारेने लॅपटॉपला जोडला तर फोनमधल्या क्रोमचा धबधबा लॅपटॉपवर दिसतो. ठाणे स्टेशनच्या बाहेर एखाद्या ठिकाणी बसून हे आरामात करता येते. गाडीत मात्र लॅपटॉप उघडण्याइतकी जागा संध्याकाळी मिळत नाही, म्हणून तिथे फोनचा स्वतःचा स्क्रीन रेकॉर्डर चालू करून पान उघडावे आणि घरी येऊन चित्रफीत थांबवत थांबवत सेकंद मोजावेत. क्रोमच्या खासगी खिडकीतच उघडावे, आणि प्रत्येक वेळी ती बंद करून नव्याने उघडावी. सिमकार्ड दोन कंपन्यांची असतील तर दोन्हींवर घ्यावे.

मी घणसोलीहून ठाण्याकडे येताना तीन संध्याकाळी हे केले. रबाळे, ऐरोली, दिघा गाव या प्रत्येक स्टेशनला गाडी थांबलेली असताना एकदा आणि सुटल्यावर एकदा, अशा नोंदी घेतल्या. फलाटावर उभी गाडी आणि धावती गाडी यांचे आकडे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. मी पहिल्या दिवशी ते एकत्र लिहिले आणि त्या दिवसाचे पान निरुपयोगी ठरले. तारीख, वेळ, ठिकाण, फोन, कंपनी, पहिली भेट की दुसरी, पहिला बाइट, भाजीचे नाव दिसण्याचा वेळ, बटणाचा वेळ आणि पानाचे एकूण केबी, एवढे रकाने पुरतात.

आठवी पायरी: इतरांच्या फोनवरचे आकडे

पेजस्पीड इनसाइट्सवर पानाचा पत्ता टाकला की वरच्या भागात खऱ्या क्रोम वापरकर्त्यांचे गेल्या २८ दिवसांचे आकडे दिसतात आणि खाली प्रयोगशाळेतली चाचणी. दोन्हींत तफावत असेल तर वरच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा. छोट्या संकेतस्थळांना पुरेशा भेटी नसल्याने वरचा भाग रिकामा राहतो; काकूंचाही रिकामाच आहे. अशा वेळी गूगलचे 'वेब व्हायटल्स' हे छोटे कोड पानात घालून आकडे आपल्याच सर्व्हरवर गोळा करता येतात. ते पान रंगवून झाल्यानंतरच चालेल असे बसवावे.

दुरुस्ती आणि पुन्हा मोजणी

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर तिसरी व पाचवी पायरी पुन्हा करावी, नाहीतर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही. मी आधी सर्व्हर मुंबईत आणला, मग बाहेरचा फॉन्ट काढून फोनचाच फॉन्ट ठेवला, मग थाळीचे फोटो ८०० पिक्सेल रुंदीचे करून यादीच्या खाली नेले, आणि शेवटी उद्याची भाजी मुख्य पानाच्या मजकुरातच लिहिली, कारण आधी ती वेगळ्या स्क्रिप्टने मागाहून आणली जात होती. आता तो मजकूर आणि त्याची सीएसएस मिळून दाबलेल्या स्वरूपात १४ केबीच्या आत बसते, म्हणजे पहिल्याच पिशवीत मावते. ६४ केबीपीएसवर १४ केबीला पावणेदोन सेकंद; त्यात जोडणीच्या खेपा मिळवल्या तरी भाजीचे नाव चार सेकंदांच्या आसपास दिसते आणि फोटो मागाहून आपल्या गतीने येत राहतात.

केंद्रातला नवा फोटो काकूंचा मुलगा चढवतो. त्याच्या लॅपटॉपवर "पॅक संपलेला" ही मांडणी मी भरून दिली आहे. फोटो चढवला की त्या मांडणीवर पान तीन वेळा उघडायचे, आणि भाजीचे नाव सहा सेकंदांत दिसले नाही तर फोटो उतरवून मला फोन करायचा, असे आमचे ठरले आहे.